आईची खोली: सुरू आहे

"जगातला प्रत्येक करंट कुठल्या ना कुठल्या तारेतूनच येतो. तार काढली की विषय संपला," असं मीटरकाकांनी जाहीर केलं आणि टीव्हीच्या मागे अडकलेलं स्वतःचं डोकं बाहेर काढायला सूनबाईला हाक मारली.

जन्मभर घरोघरी विजेचे मीटर वाचल्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं. भुतंखेतं, आत्मे वगैरे मंडळींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांचं युनिट पडत नाही, एवढं कारण त्यांना पुरे होतं.

फोनवरचा सिनेमा टीव्हीवर दाखवणारी नवी डबी साबणाच्या वडीएवढी होती. सूनबाईनं ती टीव्हीच्या पाठीत खोचली, रिमोट उघडला, तर आत सेलच नाहीत. काका उठले. काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण त्यांच्या कपाटात त्यांच्या जुन्या डबीचा रिमोट होता. काकांनी त्यातले सेल काढले आणि रिकामा रिमोट पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून होता तिथे ठेवला.

"आता बघा बाबा. सिनेमा फोनवर निवडायचा आणि कुठे पाठवायचा ते दाबायचं."

फोनवर दोन नावं होती. 'हॉल' आणि 'आईची खोली'.

"हे जुनं राहिलंय वाटतं," सूनबाई जरा थांबून म्हणाली. "'विसरा' दाबलं की जाईल. काढू?"

"राहू दे. जागा थोडीच अडवतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. काकूंच्या आवडीचा एक रडका सिनेमा काकांनी शोधला आणि इकडेतिकडे बघून 'आईची खोली' दाबलं. सुरू आहे, असं फोननं सांगितलं.

काका खोलीत गेले. तिथला टीव्ही मुलानं कधीच कोणाला तरी देऊन टाकला होता. भिंतीवर स्क्रूची चार भोकं, खाली बिनचादरीचा पलंग. कसलाही आवाज नाही. ते परत येऊन बसले, तर फोनवरची आवाजाची पट्टी आपली आपण खाली सरकत होती. "अहो, साऱ्या गल्लीला ऐकवताय का," म्हणत काकू अशाच आवाज कमी करायच्या.

मग सिनेमा थांबला. चहाला उकळी फुटेपर्यंत थांबला आणि पुन्हा सुरू झाला. काका दुपारी चहा घेत नसत. काकू घ्यायच्या.

त्यानंतर काका रोज दुपारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसू लागले. सिनेमाचा शेवट मात्र ते कधी पाठवत नसत. संपला की ही उठून जाईल, अशी धास्ती होती. आणि चुकून अंगठा 'विसरा'वर पडू नये, म्हणून फोन दोन्ही हातांनी धरत, गरम पातेलं धरावं तसा.

एका रविवारी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या टेलरताई, गळ्यात टेप.

"काका, दुपारचा सिनेमा तुम्हीच पाठवता ना?"

काकांनी फोन खिशात सरकवला. सूनबाईनंच विचारलं, "म्हणजे आईंचा टीव्ही ह्यांनी तुम्हाला दिला होय? डबीसकट?" आणि ती हसत सुटली. "बाबा, ती डबी अजून आपलंच वाय-फाय धरून बसलीय."

काकांनी शर्टाची कॉलर उगाचच नीट केली.

"म्हणजे आवाज तुम्ही कमी करता," ते अगदी हळू म्हणाले. "आणि मधेच थांबवताही तुम्हीच."

"मी? मी कशानं करणार? टीव्हीची बटणं मोडलेली. मी तर त्यावर कपडा टाकून ठेवला होता. हल्ली दुपारी आपला आपण लागतो, आवाज आपला आपण उतरतो, मधेच थांबतो. मला वाटलं, तुम्ही चहाला उठता."

सूनबाईचं हसू विरलं. दोघांनीही काकूंच्या कपाटाकडे बघितलं.

"त्याचा रिमोट वरच राहिलाय बहुतेक," टेलरताई म्हणाल्या. "तेवढा देता का? सेल माझे मी घालीन."