बोलका उघडत नाही

संगणकाने परवानगी मागितली, मी दिली. एवढाच माझा गुन्हा. 'नवी आवृत्ती आली आहे, बसवायची का?' असं विचारणारी खिडकी तीन आठवडे रोज पडद्यावर येत होती आणि मी रोज तिला हाकलत होते. काल संध्याकाळी मी आधीच वैतागलेली, त्यात ती पुन्हा टपकली. एकदाचं तिचं तोंड बंद करावं म्हणून 'बसवा'वर दाबलं. दीड तासात नवं लिनक्स, म्हणजे संगणक ज्यावर चालतो ते, बसलं, पडदा छान निळा झाला, सगळी चौकोनी चित्रं गोल झाली. आणि आज सकाळी नऊ वाजता बोलका उघडेना.

बोलका हा संगणकातला प्रोग्राम म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा आवाज. धाकटा खांबावर चढून टेलिफोनच्या तारा जोडायचा. सहा वर्षांपूर्वी त्याचे स्नायू एकेक करून कामावरून जायला लागले. आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. आता उजवा अंगठा तेवढा उरलाय. पापण्यांचा भरवसा नाही, त्या हल्ली आपल्या मनाने मिटतात. त्याच्या अंगठ्याखाली एक बटण बांधलंय. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळत जातात, हवं ते आलं की तो दाबतो. वाक्य झालं की बोलका ते मोठ्याने म्हणतो. अंगठा एकदा दाबायचं तर दोनदा-तीनदा दाबतो; बोलका जादाचं सोडून देतो, पण नुसत्या बटणाच्या आवाजावरून हो की नाही ते कळत नाही.

आणि अकरा वाजता शुश्रूषा केंद्रातल्या बाई येणार होत्या. तिथे एक खाट रिकामी झाली होती. तिथे जायचं की माझ्याकडेच राहायचं हे धाकट्याने स्वतः सांगायचं होतं, तेही आजच, नाहीतर खाट पुढच्या माणसाला. त्याच्या मनात काय आहे ते मी आठवडाभर खोदून खोदून विचारलं. "त्या आल्या की सांगतो," एवढंच बोलका म्हणायचा. तो राहणार याची मला खात्री होती. खात्री होती तर मग आठवडाभर विचारत कशाला होते, ते मलाही सांगता येणार नाही.

मी भाचीला फोन लावला. ती दूर कुठल्याशा कंपनीत असलीच कामं करते आणि मामासाठी हे सगळं तिनेच बसवून दिलं होतं.

"मावशी, टर्मिनल उघड. काळी खिडकी."

"उघडली. काहीच नाहीये तिच्यात."

"नसतंच. आपण लिहायचं असतं."

तिने एकेक अक्षर सांगितलं, मी एका बोटाने टाइप केलं. उत्तरात भलीमोठी यादी आली. तिच्यातल्या चार ओळींच्या शेवटी 'सापडली नाही' अशा अर्थाचं काहीतरी होतं.

"चार लायब्ररी गायब आहेत, बोलक्याला लागणारे सुटे भाग," भाची म्हणाली.

"काल तर सगळं होतं. रात्रीत चोर येऊन गेले का?"

"नाही गं. बोलका जुना आहे. त्याला आवाजाची दोन नंबरची लायब्ररी लागते. नव्या लिनक्समध्ये तीन नंबरची आली आणि दोन नंबरची काढून टाकली."

"मग तीन नंबरची चालवून घ्यायची! मी तीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली. एका कंपनीची गोळी नसली तर दुसरीची द्यायची, गुण तोच."

"इथे तसं नाही चालत, मावशी."

का चालत नाही ते तिने समजावून सांगितलं. मला एक अक्षर कळलं नाही.

पहिली लायब्ररी बसवायला गेलो तर ती म्हणाली, आधी मला अमकी हवी. अमकीकडे गेलो तर ती म्हणाली, तमकी घरात आहे तोवर मी पाऊल टाकणार नाही. तमकीला काढायला निघालो तर संगणकाने तिच्यासोबत निघणाऱ्या एकसष्ट गोष्टींची यादी दिली आणि विचारलं, पुढे जायचं? माझं बोट खाली यायला लागलं होतं.

"मावशी, हात मागे घे! त्यात पडदापण आहे! अख्खा पडदाच जाईल!"

मी हात मांडीखाली घालून बसले. इतकी गोंधळले होते की स्वतःच्या हातावर विश्वास राहिला नव्हता.

धाकटा खुर्चीतून हे सगळं बघत होता. त्याचा अंगठा चालू होता. टक. टक टक. नुसता बटणाचा आवाज, अक्षर काही नाही.

"काय रे, पाणी हवंय?" मी चमच्याने पाणी दिलं. टक टक. "ऊन लागतंय?" खिडकीचा पडदा ओढला. टक टक टक. "अंधार झाला?" पडदा सरकवला. उशी काढली, उशी लावली. पंखा बंद केला, चालू केला. शेवटी मी त्याच्यावरच खेकसले, "अरे, मला काही कळत नाहीये!" आणि लगेच मला माझीच लाज वाटली.

मग भाचीने एक युक्ती केली. नव्या लायब्ररीलाच जुनीचं नाव चिकटवलं. बोलका उघडला! अक्षरं उजळली, धाकट्याचे डोळे चमकले आणि खिडकी फट्कन बंद झाली.

"बोलक्याने सोंग ओळखलं," भाची म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात एक घाणेरडा विचार आला. तीन आठवडे टाळलेली गोष्ट मी नेमकी कालच का केली? बाई आज येणार हे मला ठाऊक होतं. मी मुद्दाम केलं का?

अकराला पाच कमी असताना बाई आल्या. हातात फॉर्म होता. मी सगळा प्रकार सांगितला.

"मला साडेअकराच्या पुढे थांबता येणार नाही," त्या म्हणाल्या. "जवळच्या नातेवाइकाने सांगितलं तरी चालतं. तसा रकाना आहे. तुम्हाला काय वाटतं?"

"तो इथेच राहणार." विचार करायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं. बाईंनी फॉर्मवर खूण केली. मागून टकटक सुरू झाली, ती थांबेचना.

फोन तसाच चालू होता. "मावशी, मेल बघ," भाची म्हणाली. "जुन्या आवृत्तीतल्या त्या चारही लायब्ररी मला मिळाल्या. सिस्टीममध्ये घालायच्या नाहीत. एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवू आणि फक्त बोलक्याला सांगू की तू इथे बघ. बाकीचं नव्यावर चालू दे. मावशी? आहेस ना?"

खूण झाली होती. 'नाही जमत गं, राहू दे,' असं मी म्हटलं असतं तर कुणी मला दोष दिला नसता. मी फॉर्मवरच्या खुणेकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ.

"आहे," मी म्हटलं. "सांग, काय लिहू?"

शेवटची ओळ लिहून एंटर दाबला. बोलका उघडला आणि उघडाच राहिला.

अक्षरं सरकायला लागली. म. मग ल आणि काना. मग ज आणि काना.

"जाग येते का रात्री? तेच ना?" मी म्हटलं.

"त्यांना लिहू दे," बाई म्हणाल्या.

चार मिनिटं लागली. मग बोलका त्याच्या सपाट आवाजात म्हणाला, "मला जायचं आहे." अंगठा पुन्हा चालू लागला, यावेळी त्याहून जास्त वेळ. "ताई माझं प्रत्येक वाक्य माझ्याआधी संपवते."

मला आधी संतापच आला. सहा वर्षं मी याचं अंथरूण-पांघरूण केलं, घास भरवले, आणि वाक्यांचा हिशेब मांडतोय! भांडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तो सावकाश बोलतो म्हणून मी त्याच्यासाठी भराभर बोलत आले होते. त्यातलं त्याचं किती आणि माझं किती, मला आता खरंच सांगता येईना. फार वाईट वाटलं.

बाईंनी आधीची खूण खोडली आणि पेन धरून माझ्याकडे बघितलं. "मग नक्की ना?"

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "तो बसलाय ना समोर."

त्या खुर्ची वळवून त्याच्याकडे तोंड करून बसल्या आणि त्यांनी त्याला विचारलं. अक्षरं सरकत सरकत ह वर आली. टक. पुढे काय येणार ते दारातून जाणाऱ्यालाही कळलं असतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. मात्रेपर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी थांबले.