एकमताचा ठराव

कॅथकार्ट मतदारसंघ सरकारनं मारला असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा. तो मारला स्टेफानिया ह्रिंकिवनं. विनिपेगच्या नॉर्थ एंडमध्ये तिच्या तोंडावर हे म्हणायची कुणाची छाती नाही, पण पाठीमागे सगळे म्हणतात, आणि खरं तेच आहे.

बाई मोठी खमकी. नवरा रेल्वेच्या यार्डात डब्यांमध्ये चेंगरून गेला, त्यानंतर तिनं संसार मांडला तो पक्षाचा. नाकातला श्वास गोठेल अशा थंडीत दारोदार फिरायची, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून न्यायची. निवडून यायचे मिखायलो वोलोशिन. हार त्यांच्या गळ्यात, आणि चर्चच्या तळघरात खरकटी भांडी स्टेफानियाच्या पुढ्यात. "पुढच्या खेपेला तुम्हीच उभं राहायचं हं, पानी स्टेफानिया," असं आमदारसाहेब, आमच्या बोलीतलं मानाचं 'पानी', म्हणजे बाईसाहेब, लावून, दर निवडणुकीला म्हणायचे आणि पुन्हा स्वतःच उभे राहायचे. शेवटी त्यांच्या गुडघ्यांनी संप केला आणि म्हाताऱ्यानं एकदाची निवृत्ती जाहीर केली. आता उमेदवारी आपली, हे स्टेफानियानं मनाशी पक्कं धरलं. एवढ्या वर्षांत तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

आणि नेमका मध्येच लेनर्ड बोदनार उपटला.

हा लेनर्ड तिच्याच गल्लीतला. वकील झाला, समाजाबाहेरची बायको केली आणि यार्डापलीकडे ब्रुकहेवनमध्ये राहायला गेला. तिथं सगळी नवी घरं, घराला जोडून गाडीची खोली, पुढं हिरवळ. दोन वर्षांत पठ्ठ्यानं अख्खं ब्रुकहेवन पक्षात भरती केलं. उमेदवार ठरवायच्या सभेत मतदारसंघात राहणाऱ्या प्रत्येक सदस्याला मत. मग काय, गणित सरळ होतं.

"मेल्याच्या लंगोट्या मी वाळत घातल्यात," स्टेफानिया पिरोहीच्या, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्यांच्या, कडा चिमटता चिमटता म्हणायची. "आणि आता हा मला शिकवणार?"

"शिकवू दे की," परास्का म्हणायची. "पोरगं शिकलंय, त्याचा राग कशाला?"

परास्का तिची कुमा. परास्काची लेक ओरिसिया हिची स्टेफानिया धर्ममाता. बाप्तिस्म्याला पोरीला हातावर घेऊन उभी राहिली होती. आमच्यात हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा घट्ट. अशा कुमानं सांगितलं तरी स्टेफानिया ऐकायची नाही. लेनर्डचं नाव निघालं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याच वर्षी पानगळीत सीमा आयोग शहरात आला. दहा वर्षांनी एकदा हे लोक वस्ती मोजतात आणि मतदारसंघांच्या रेघा नव्यानं ओढतात. त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला हॉटेलात एक खोली घेऊन बसतात. तिकडं सहसा कुत्रंही फिरकत नाही. स्टेफानिया गेली. ईस्टरचा कोट घालून, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधून गेली.

"यार्डापलीकडचे लोक आमच्यातले नाहीत," ती आयोगापुढे कडाडली. "ते आमच्या दुकानात येत नाहीत, आमच्या चर्चात येत नाहीत, आमच्या मयताला येत नाहीत. त्यांना न्या आणि उपनगरात घाला. रुळांच्या अलीकडचं तेवढं कॅथकार्ट."

आयोगाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "बाई, आधीच तुमचा मतदारसंघ वस्तीनं लहान आहे. ब्रुकहेवन काढलं तर उरणार किती?"

"थोडे उरले तरी चालतील. आपले असले म्हणजे झालं!"

दोनचार म्हाताऱ्यांनी टाळ्या पिटल्या. मागच्या रांगेत लेनर्ड बसला होता. बोलायला म्हणूनच आला होता तो. अध्यक्षांनी त्याचं नाव पुकारलं, तेव्हा तो अर्धवट उठला, स्टेफानियाकडे बघितलं आणि म्हणाला, "मला काही सांगायचं नाही. बाईंनी सगळं सांगितलंच आहे." आणि टोपी घालून चालू लागला.

स्टेफानियाला वाटलं, जिरली! येताना तिनं बेकरीतून खसखस भरलेली गोड गुंडाळी घेतली आणि घरी बसून एकटीनं अर्धी संपवली. अगं बाई, वकील माणूस गप्प बसतो तो काय तुझ्या धाकानं?

बर्फ वितळायच्या आत आयोगाचा निकाल आला. आयोगानं तिचं म्हणणं शब्द न् शब्द मानलं. ब्रुकहेवन कॅथकार्टमधून काढलं. मग उरलेल्या कॅथकार्टमध्ये मतदारसंघापुरती माणसंच उरेनात, म्हणून कॅथकार्टच रद्द केला. मॅनिंग रस्त्याच्या मधोमध रेघ ओढली. रस्त्याच्या दक्षिणेकडचं सगळं शहराच्या मध्यभागाला जोडलं, आणि उत्तरेकडच्या चार गल्ल्या उरल्या, त्या नव्या ब्रुकहेवन मतदारसंघाला. स्टेफानियाचं घर उत्तरेला. जिथून लेनर्डला हाकलायला ती गेली होती, तिथून तिलाच उचलून त्याच्या अंगणात नेऊन ठेवलं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, तो हा. आणि चर्चच्या तळघरात तिच्याबरोबर पिरोही करणाऱ्या बायका, तिची हक्काची मतं, जवळपास सगळ्या दक्षिणेला. त्यांना आता तिच्या सभेत मतच नाही.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात बायका पीठ लाटत बसल्या होत्या. परास्का वर्तमानपत्र घेऊन आली. आयोगानं कुणाच्या म्हणण्यावरून काय केलं, ते त्यात छापलं होतं.

"हे तू बोललीस?" तिनं पेपर पिठातच आपटला. "'आमच्यातले नाहीत'?"

"मी लेनर्डच्या लोकांबद्दल बोलले."

"ब्रुकहेवनमध्ये माझी ओरिसिया राहते! तुझी धर्मकन्या! तिची पोरं राहतात. ती आमच्यातली नाही? रविवारी तुझ्यासाठी कोबीच्या पानांत भात भरून होलुब्त्सी घेऊन येते ती कोण, परकी?"

"तिचं नव्हतं गं माझ्या डोक्यात."

"डोक्यात काय होतं मग? खुर्ची?"

स्टेफानियानं तिथंच पाय धरायला हवे होते. पण ती बाई वाकणारी नव्हेच. "हो, खुर्ची!" ती ओरडली. "इतकी वर्षं दुसऱ्यांची पुसली, एकदा मला बसायची होती. आणि तुझ्या लेकीला कुणी सांगितलं होतं तिकडं घर घ्यायला? आमच्या गल्ल्या वाईट होत्या?"

परास्कानं हाताचं पीठ झटकलं, कोट घेतला आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून समोरासमोर आली तरी मान वळवायची. चर्चमध्ये बाक बदलला. तिचं घर स्टेफानियाच्याच गल्लीत, एक सोडून दुसरं, पण फाटकातून हाक मारली तरी ओ नाही.

तरी स्टेफानिया उभी राहिलीच. लोकांनी समजावलं, अगं, सोड. वोलोशिनसाहेबांनीसुद्धा फोन केला, तर तिनं त्यांना त्यांच्या गुडघ्यांसकट शिव्या घातल्या. ब्रुकहेवनच्या गुळगुळीत रस्त्यांवर ती एकटी हिंडली. लोक सभ्यपणे दार उघडायचे आणि तितक्याच सभ्यपणे लावायचे. एका दारात ओरिसिया आली. "या, कॉफी घ्या," म्हणाली, पण डोळे कोरडे होते. स्टेफानिया पायरीवरूनच मागे फिरली.

उमेदवार ठरवायची सभा ब्रुकहेवनच्या शाळेत, रविवारी दुपारी झाली. चारशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या, आणि त्यात ओळखीचे चेहरे हाताच्या बोटांवर. पिरोहीवाल्या बायका आल्या होत्या, पण दारावरच्या माणसानं पत्ता विचारून त्यांना बाहेरच्या ओट्यावर बसवलं. आत ओरिसियाशेजारी परास्का बसली होती, काळा कोट, ओठ मिटलेले. ही लेकीच्या शेजाऱ्याला मत घालायला आली, स्टेफानिया मनात म्हणाली, घाल बाई, उगव सूड.

मोजणीला फार वेळ लागला नाही. लेनर्ड जिंकला, आणि असा जिंकला की आकडा वाचताना सभेच्या अध्यक्षांनाच संकोच वाटला.

आता इथली एक रीत. हरलेल्यानं स्वतः माईकपाशी जायचं आणि ठराव मांडायचा, की ही निवड एकमतानं झाली असं मानावं. अध्यक्ष विचारतात, "विरोधात कोणी?" उत्तराची वाट कोणी बघत नाही, तोवर टाळ्या सुरू झालेल्या असतात. स्टेफानियानं असे कितीतरी हरलेले पुरुष त्या माईकपाशी ढकलले होते. आज तिची पाळी. ती चालत गेली. लेनर्ड हात पुढं करून उभा होता. हात तिनं घेतला नाही, पण माईक घेतला.

"निवड एकमतानं झाली असं मानावं," ती म्हणाली.

"विरोधात कोणी?" अध्यक्षांनी विचारलं, आणि टाळ्यांसाठी हात वर गेले.

"मी."

परास्का उभी राहिली होती. ओरिसियानं तिची बाही ओढली, तिनं झटकली.

"मावशी, ही नुसती रीत आहे," लेनर्ड हसून म्हणाला.

"रीत मला नको शिकवूस, लेन्को. मी मत हिला दिलंय." तिनं स्टेफानियाकडे बोट केलं, बघितलं मात्र नाही. "हिनं माझ्या लेकीला परकं केलं. मरेपर्यंत विसरणार नाही मी ते. हिचं तोंड बघायची मला इच्छा नाही. पण थंडीत दारोदार मेली ती हीच, तू नव्हे. माझं मत तिचं. ते तिनं स्वतः उचलून तुला दिलं तरी मी देणार नाही."

अध्यक्ष गोंधळले. एकीचाही विरोध असला तर एकमत कसलं? शेवटी त्यांनी निवड बहुमतानं झाल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या, पण विस्कटलेल्या, आणि लेनर्डचं हसू कुठल्या कुठं गेलं.

स्टेफानिया माईक तसाच सोडून खुर्च्यांमधून वाट काढत धावली. एवढ्या वर्षांत तिला कुणी धावताना बघितलं नव्हतं. परास्का दारापाशी बुटांवर रबरी बूट चढवत होती.

"कुमा," स्टेफानिया म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "कुमा, माझं चुकलं गं."

परास्कानं दुसरा बूट चढवला आणि कोटाचं वरचं बटण लावलं.

"मला कुमा म्हणू नकोस," ती म्हणाली, आणि बाहेर लेकीच्या गाडीत जाऊन बसली.