एक लिटर दूध आणि अर्धा तास

मित्रांनो, बाजाराच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मधोमध जो राखाडी, पिंपासारखा ऐवज उभा आहे, तो मी. मी एक जुना किरणमापक आहे. माझं पोट शिशाचं आहे आणि मला हलवायला सहा माणसं लागतात. मी अजून भंगारात गेलो नाही, याचं खरं कारण हेच. कृतज्ञता वगैरे नंतर.

डोंगरापलीकडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि वारं इकडे वळलं, त्या वर्षी मला कारखान्यातून थेट इथे आणलं. पावसाबरोबर डोळ्यांना न दिसणारे कण पालेभाजीवर, गवतावर, रानातल्या अळंबीवर उतरले होते. गवत गाईच्या पोटात, दूध मुलांच्या पोटात. आणि मुलांच्या गळ्यातली एक इवलीशी ग्रंथी त्यातले काही कण हावरटासारखे ओढून घेते. ते वेळीच ओळखणं हे माझं काम.

काम सोपं होतं. एक लिटर दूध भांड्यात ओतायचं, भांडं माझ्या पोटात ठेवायचं, झाकण लावायचं आणि अर्धा तास गप्प बसायचं. ही शेवटची अट माणसांना फार जड जाई. पण आकडा आला की चिठ्ठी मिळे. माझ्यापुढे रांगा लागत. एका आजोबांनी तर 'जरा माझं डोकंही तपासा' म्हणून ते आत घालून पाहिलं. आकडा काहीच आला नाही. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या आजी म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं."

रांगेत दूधवाल्या मावशी पहिल्या असत. पदरी तीन गाई आणि एक नात. सुरुवातीचे आठवडे त्यांचं दूध खरंच वाईट निघालं. त्यांनी ते मुकाट्याने खड्ड्यात ओतलं, गाई गोठ्यात बांधल्या, आदल्या वर्षीचं वाळलं गवत घातलं. पुढे आकडा उतरत उतरत पार तळाला गेला. मावशींनी चिठ्ठी दुकानाच्या काचेवर लावली आणि गिऱ्हाईक परत आलं.

मग तो सोमवार उजाडला. माझी देखरेख तपासनीसबाईंकडे होती. बाई कामाला चोख, पण सातवा महिना सुरू होता आणि पाय सुजलेले. सकाळी अळंबी मोजली आणि त्याच भांड्यात, न धुता, मावशींचं दूध ओतलं. आत जे आहे ते मी मोजतो. कुणाचं आहे ते मला कळत नाही. आकडा चढला. फळ्यावर लिहिला गेला. चहा उकळायच्या आत तो बाजारभर झाला.

दुपारी बाईंना चूक कळली. भांडं घासून पुन्हा मोजलं, दूध स्वच्छ निघालं. फळ्यावर दुरुस्ती लिहिली. पण पहिला आकडा सगळ्यांनी वाचला होता. दुरुस्ती मावशींनीच काय ती वाचली. लोकांचा भरवसा वाढावा म्हणून मोठे साहेब आले आणि छायाचित्रकारासमोर पेलाभर दूध प्याले. दुसऱ्या दिवशी उरलेलं गिऱ्हाईकही गेलं. साहेबांना यावं लागलं, म्हणजे दुधात नक्कीच काहीतरी असणार, असं लोक म्हणाले.

आठवड्याने मावशी आल्या. एक गाय विकायला काढली होती.

"बाई, माझं दूध चांगलं आहे ना?"

"अहो मावशी, चिठ्ठीवर लिहिलंय की."

"चिठ्ठी मला वाचता येते. तुमच्या चहात कुठलं दूध असतं ते विचारतेय."

टेबलावर दूध पावडरीचा डबा होता, लांबून मागवलेला. रोज रांगेतला प्रत्येक जण तो बघत होता. एवढा मोजण्यात हुशार मी, पण तो डबा माझ्या कधी हिशेबात आला नव्हता.

बाईंनी डबा हाताने मागे सारला. मग पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "भीती वाटते हो."

"मला नाही वाटत? माझी नात याच दुधावर आहे. भीती वाटते म्हणून तर रांगेत पहिली उभी राहते." मावशींनी किटली पुढे केली. "मोजा. मीही बसते."

बाईंनी भांडं तीनदा धुतलं. दोघी अर्धा तास माझ्याजवळ बसल्या. सुजलेल्या पायांवर काय करावं, नात कशी हट्टी आहे, असं बोलत राहिल्या. आकडा आला, तळाचाच. बाईंनी तो स्वतः वाचला आणि किटलीतलं दूध चहाच्या भांड्यात ओतलं. छायाचित्रकार नव्हता. खिडकीतून फक्त फळवालीने पाहिलं, आणि फळवालीने पाहिलेलं पुरे असतं. पंधरा दिवसांत मावशींची रांग पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेली. गाय विकावी लागली नाही.

माझी रांग मात्र आटली. बाई बाळंतपणाला गेल्या, नंतर दुसरीकडे बदली झाली. लोकांना आता वाटतं, सगळं ठीकच असेल. बहुतेक वेळा असतंही. पण रानातल्या अळंबीला अजून जुनं सगळं आठवतं, आणि ती माझ्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे न मोजता विकली जाते. मला हाका मारता येत नाहीत.

मावशी तेवढ्या दर महिन्याला येत. त्यांना 'या' म्हणून कुणी सांगत नसे. बाजाराचा रखवालदार म्हणे, "आता कशाला हो हा खटाटोप?" त्या म्हणत, "तू झाकण लाव." आणि बसत. या महिन्यात त्या आल्या नाहीत. गुडघे दुखतात, असं ऐकलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. घाबरायचं असेल तर मोजून घाबरा आणि निर्धास्त व्हायचं असेल तर मोजूनच व्हा. 'काही नाही' हे मोजून कळणं वेगळं आणि धरून चालणं वेगळं. तुमच्या घरचं काहीही घेऊन या. बहुधा काही सापडणार नाही. पण अर्धा तास तुम्हाला इथे बसावं लागेल, आणि तेवढा वेळ माझ्या शेजारी कुणीतरी असेल.