कडक केलेल्या गाडीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. एकेकाळी माझा रंग आकाशी होता. आता कोणता म्हणायचा ते बघणाऱ्याने ठरवावे. गाडीची विचारपूस करताना लोक इंजिनाची करतात. माझी गोष्ट इंजिनाची नाही. चाकांच्या वर आणि बसणाऱ्याच्या खाली जे असते, ज्याकडे कुणी वाकून बघत नाही, तिथली ती आहे.

मला घडवणाऱ्यांनी माझ्या प्रत्येक चाकावर एक स्प्रिंग बसवली आणि तिच्या जोडीला एक शॉकअप दिला. खड्डा आला की स्प्रिंगने दबून धक्का पोटात घ्यायचा आणि ती उसळून नाचायला लागली की शॉकअपने तिला आवरायचे. लोखंड लोखंडावर आपटू नये म्हणून सांध्यासांध्यांत रबराचे बुश घातले होते. असा सगळा संसार होता.

मला घरी आणले ते एका चष्मेवाल्यांनी. मोठे शांत गृहस्थ. दुकानात दिवसभर काचा घासायच्या आणि घरी आल्यावर कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्या पत्नी मात्र बोलक्या. लहान मुलांना गाणे शिकवायला त्या घरोघर जात, आणि मी त्यांना नेई. वाटेत त्या सूर लावून बघत. रस्ता कसाही असो, त्यांचा सूर हलत नसे. एकदा त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या, "आमच्या गाडीत भरलेला पेला हातात धरून बसलं तरी थेंब सांडत नाही." ते ऐकून मी कितीतरी दिवस तोऱ्यात होते.

मग चष्मेवाल्यांच्या धाकट्या भावाने फरशांचे दुकान काढले. "दादा, गाडी दिवसभर उभीच असते, मी नेत जातो," असे तो म्हणाला आणि दादा 'बरं' म्हणाले. त्यांना दुसरे काही म्हणता येतच नसे. मागची सीट काढून फरशांची खोकी माझ्यावर रचली जाऊ लागली. माझे मागचे अंग जमिनीला टेकायला आले. तेव्हा धाकट्याने कुठूनतरी मालवाहू टेम्पोच्या स्प्रिंगा आणून माझ्या मागे ठोकल्या, चाकांत टिच्च हवा भरली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता कितीही लादा."

ओझे असताना मी जेमतेम चालत होते. ओझे उतरले आणि सीट परत बसवली की मात्र हाल. त्या स्प्रिंगा दबायचे नावच घेत नसत. बारीकसा खडा चाकाखाली आला तरी तो थेट बसणाऱ्याच्या मणक्यात जाई. आदळून आदळून शॉकअप जाम झाले, बुश वाळून तडकले. मी गाडी उरले नव्हते, चाकांवर ठेवलेला दगड झाले होते.

आणि त्याच सुमारास बाईंच्या पाठीचे ऑपरेशन झाले.

डॉक्टरांनी सांगितले होते की पाठीला व्यायाम द्यायला नेमाने यायचे, नाहीतर पाठ कायमची आखडेल. जाणे-येणे माझ्यातूनच. त्या खाली उशी घेत, पाठीशी उशी घेत आणि दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरून बसत. गाणे केव्हाच बंद झाले होते. चौकातला खड्डा दिसला की त्या आधीच डोळे मिटून घेत. मित्रांनो, त्यांना कळ माझ्यामुळे येत होती आणि मला कण्हताही येत नव्हते. येत होता तो फक्त खडखडाट, आणि त्याने त्या अधिकच घाबरत.

"अहो, ही गाडी टोचते मला," त्या म्हणाल्या.

"रस्तेच खराब आहेत गं," चष्मेवाले म्हणाले.

"रस्ते पूर्वी चांगले होते का? भाऊजींना सांगा, त्या स्प्रिंगा काढून टाका म्हणावं."

एके सकाळी माझ्याशेजारी उभे राहून चष्मेवाल्यांनी धाकट्याला हळूच विचारले. तो खोकी लावता लावता म्हणाला, "दादा, जुनी गाडी म्हणजे एवढं चालायचंच. वहिनी जरा नाजूकच आहेत. दुकान जम धरू दे, मग बघू." दादा 'बरं' म्हणाले आणि घरात गेले. आत बाईंना काय सांगितले ते मला ठाऊक नाही. त्यानंतर बाईंनी तो विषय काढला नाही एवढे खरे.

थोड्या दिवसांनी त्यांनी व्यायामाला जाणेच सोडले. "येण्याजाण्यात जे दुखतं ते व्यायामाने भरून निघत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. पाठ आखडली ती आखडलीच. हातात काठी आली. गाण्याची शिकवणी दुसऱ्या कुणाकडे गेली.

पुढे धाकट्याने स्वतःचा टेम्पो घेतला आणि मला अंगणात सोडून दिले. तेव्हा कुठे चष्मेवाले मला मिस्त्रीकडे घेऊन गेले. मिस्त्रीने मला जॅकवर चढवून खाली डोके घातले.

"या टेम्पोच्या स्प्रिंगा हिला कुणी बसवल्या?"

"घरातल्याच एकाने."

"आणि यात माणसं बसत होती?"

चष्मेवाले रुमालाने चष्मा पुसत बसले.

मिस्त्रीने कडक स्प्रिंगा काढून माझ्या जातीच्या बसवल्या. चारही शॉकअप बदलले, नवे बुश घातले, चाकांतली जास्तीची हवा सोडली. मग माझा मागचा कोपरा दाबून सोडला. मी एकदा खाली गेले, वर आले आणि थांबले. "झालं," तो म्हणाला. दुपारच्या जेवणाच्या आत सगळे उरकले होते.

चष्मेवाल्यांनी घरी येऊन उत्साहाने हाक मारली, "अगं, बसून तर बघ." बाई काठी टेकत आल्या आणि बसल्या. सवयीने दोन्ही हातांनी मूठ धरली. चौकातला खड्डा आला, त्यांनी डोळे मिटले. मी जीव ओतून तो पोटात घेतला. त्यांना नुसता एक झोका लागला असेल.

त्यांनी डोळे उघडले. मूठ सोडली.

"किती वेळ लागला या कामाला?"

"सकाळी गेलो होतो, लगेच झालं," ते खुशीत म्हणाले.

"एका सकाळचं काम होतं."

तेव्हा कुठे चष्मेवाल्यांच्या ध्यानात आले. "अगं, तेव्हा तो 'मग बघू' म्हणाला, म्हणून..."

"गाडी थांबवा."

त्या उतरल्या आणि काठी टेकत, वाकलेल्या पाठीने, घराकडे चालू लागल्या. चष्मेवाले मला चालवत त्यांच्या मागून सावकाश येत राहिले. खिडकीतून दोनदा हाक मारली. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

संध्याकाळी धाकटा आला आणि माझ्यात एक फेरी मारून म्हणाला, "लोण्यासारखी झालीय, दादा. हे आधीच करायला हवं होतं."

दादा 'बरं' सुद्धा म्हणाले नाहीत.

मित्रांनो, मी आता छान चालते. जो तो बसून मला शाबासकी देतो. मला त्या शाबासकीचे काही वाटत नाही. तुमच्या गाडीच्या स्प्रिंगा जरूर बघा, बुश बघा, चाकांतली हवा बघा. पण शेजारी बसलेले माणूस 'मला दुखतंय' म्हणाले, तर रस्त्याला दोष देऊ नका. तिथेच गाडी बाजूला घ्या.