सदतिसावा प्रश्न आणि चहाचा घोट

कीर्तनात महाराजांनी हात वर करून "पुंडलिक वरदे" म्हटलं, की माझ्या तोंडून "हाऽरि विठ्ठल" आपोआप निघतं. साठ वर्षं निघतंय. तोंडात घास असो, घोट असो, थांबत नाही. आणि ही गोष्ट माझ्या नातीला, संयोगिताला, पक्की ठाऊक आहे.

संयोगिता अकरा वर्षांची, स्वमग्न. दिवसाकाठी दहा-बारा शब्द बोलते, त्यातले दोन हेच. मी चहाचा घोट तोंडात घेतला, की मान खाली घालून पुटपुटते, "पुंडलिक वरदे." झाला माझा सदरा पावन! तोंड मोकळं असताना मात्र एकदाही म्हणत नाही.

"मुद्दाम खोडी काढती माझी," असं मी सुनेला, राजेश्वरीला, कितीदा सांगितलं.

"आवं आबा, कीर्तनात ऐकल्यालं ती दिसभर म्हनती. तुमचं त्वांड भरल्यालं असलं तवाच तुमच्या ध्यानात ऱ्हातं, एवढंच."

तिचंही काही चुकत नव्हतं. 'पोर उद्या घडाघडा बोलंल बघ' म्हणणाऱ्यांनी तिला वर्षानुवर्षं आशेला लावलं होतं. त्या म्हणणाऱ्यांत मी पहिला. आता कुणी बरं सांगितलं, तरी ती आधी मनाचं दार लावून घेते.

अशात सांगलीची अल्फिया नावाची मुलगी संशोधनासाठी साताऱ्यात आली. स्वमग्न मुलं दुसऱ्याबरोबर गंमत कशी करतात, हा तिचा अभ्यास. आम्ही मेढ्याहून एसटीनं गेलो. तिनं सुरुवातीलाच सांगितलं, "यात उपचार नाही, ताई. नुसता अभ्यास आहे. आणि संयोगिताला नको वाटलं तर तिनं हे लाल कार्ड दाखवायचं. आम्ही तिथंच थांबू."

आशा न लावणारी बाई भेटली म्हणून राजेश्वरी खूश. तिनं संमतीच्या कागदावर सही केली. संयोगितालाही वेगळं विचारलं, तर तिनं 'हो'च्या चित्रावर बोट ठेवलं.

मग प्रश्नांचा कागद आला. सदतिसावा प्रश्न: 'मूल मुद्दाम कुणाची खोडी काढतं का?' राजेश्वरीनं 'नाही'वर खूण केली. पांडुरंगा, पोरीची एवढी कमाई, तीही कागदावर येऊ नये?

"राजेश्वरी, ते 'नाही' खोड."

"आबा, कागदावर खोटं ल्ह्यायचं न्हाई."

संयोगिता नव्या खोलीत माझ्याशिवाय पाऊल टाकत नाही, म्हणून मला कोपऱ्यात खुर्ची मिळाली. अट एकच, तोंडातून शब्द काढायचा नाही. राजेश्वरी शेजारच्या खोलीत पडद्यावर बघत बसली.

अल्फियानं कापडी अस्वलाच्या डोक्यावर बूट ठेवला आणि संयोगिताकडं बघून विचारलं, "आता अस्वल काय करेल?"

संयोगिता गप्प. खोली गप्प. अहो, कीर्तनात वक्त्यानं विचारलं आणि श्रोत्यानं हुंकार दिला नाही, तर केवढा अपमान!

"शिंकंल!" मी म्हणालो.

"आबा..." अल्फिया म्हणाली.

"चुकलं, ताई."

दुसऱ्यांदाही चुकलंच. तेव्हा दार उघडून राजेश्वरीनं तोडगा सांगितला. "त्यास्नी चा द्या वो. त्वांड गुतून ऱ्हाईल."

कप हातात आला आणि धोका माझ्या ध्यानात आला. संयोगिताच्याही आला असावा. मनात स्वतःलाच म्हटलं, नाथाजी, आज ओठ शिवून बस. तू इशारा केलास तर ती खोडी तुझी ठरेल.

मी कप उचलला. संयोगितानं मान वर केली. मी खाली ठेवला. तिनं मान खाली घातली. पुन्हा उचलला, तिचे ओठ उघडले. पुन्हा ठेवला, ओठ मिटले. शेवटी चहा गार होईल म्हणून मोठा घोट घेतला.

"पुंडलिक वरदे."

"हाऽरि विठ्ठल!"

अस्वल न्हालं. अल्फियाचा चष्मा न्हाला. संयोगिता टेबलावर डोकं टेकून खिदळत राहिली.

"आबांनी नियम मोडला, त्यामुळं ही बैठक मला मोजता येणार नाही," अल्फिया चष्मा पुसत म्हणाली. "पण ताई, प्रश्नांची उत्तरं तुमची आहेत. ती तुम्ही बदलू शकता."

राजेश्वरीनं ते चित्रण तीनदा बघितलं. कप वर, ओठ उघडे. कप खाली, ओठ बंद. माझ्याकडं न बघता तिनं पेन घेतलं. 'नाही' खोडलं, 'हो'वर खूण केली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: 'लय.'

निघताना अल्फियानं सांगलीचं भडंग दिलं, वर बजावलं, "पुढच्या बैठकीला आबा दाराबाहेर!"

स्टँडवर मेढ्याच्या गाडीची वाट बघत मी भडंगाचा चांगला बकाणा भरला. संयोगिता आमच्या दोघांच्या मधे बसली होती. मी तिच्यावरच नजर ठेवून होतो. तिचे ओठ मिटलेले. म्हटलं, आज सुटलो.

"पुंडलिक वरदे," पलीकडून राजेश्वरी हळूच म्हणाली.

भडंग पार फलाटापर्यंत उडालं. दोन-चार म्हाताऱ्यांनी सवयीनं "श्री ज्ञानदेव तुकाराम" म्हणून टाकलं. संयोगितानं एकदा आईकडं निरखून बघितलं, फ्रॉकच्या खिशातून अल्फियाचं ते लाल कार्ड काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. दुसऱ्या कुणी म्हटलं तर 'विठ्ठल' बंद!