गेलमावशीच्या सपाता

"मुलांनी आईकडेच राहावं आणि ही केस बंद करावी, अशी माझी शिफारस आहे."

हे वाक्य मार्लिस ब्रँडवोल्डने सकाळपासून घोळवलं होतं. अंघोळ करताना, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना, आणि आता कोर्टाच्या निसरड्या पायऱ्या चढताना, कठडा धरून. अशी वाक्यं तिच्या वाट्याला कमी येत. कोर्टाने मुलांसाठी नेमलेली प्रतिनिधी ती. आईची वकील नाही, सरकारची नाही. मुलाला काय हवंय ते जजला सांगायचं, आणि मुलाचं भलं कशात आहे तेही सांगायचं. बहुतेक वेळा या दोन गोष्टी दोन तोंडांनी बोलतात. आज त्या एकच बोलत होत्या.

"काय गं, आज चेहऱ्यावर उजेड?" दारावरचा शिपाई ऑर्विल म्हणाला. "लॉटरी लागली की नवरा गावाला गेला?"

"प्रुइटची केस बंद होतेय आज."

"त्या बटाटा कारखान्यातल्या बाईची? अरे वा. मग डोनट माझ्याकडून." खोका पुढे करून त्याने तो पुन्हा मागे ओढला. "अर्धा. बंद झाल्यावर उरलेला."

मार्लिस हसली. तिने पिशवी खांद्यावर सारखी केली आणि वर गेली.

*

"मुलांनी आईकडेच राहावं, अशी माझी शिफारस—"

इथपर्यंत सगळं पक्कं होतं, कारण घर तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

रेने प्रुइट पूर्वी प्यायची. एका थंडीत दोन्ही मुलं दारूच्या गुत्त्याबाहेर गाडीत झोपलेली सापडली. नऊ वर्षांची डेसा आता चौथीत होती, टली चारचा. मुलं अशी मुलं सांभाळणाऱ्या ओसगुडबाईंच्या घरी ठेवली गेली आणि रेनेसमोर कोर्टाने अटी मांडल्या. दारू सोड, घर बघ, नोकरी धर. रेनेने दारू सोडली. गुरांच्या खाद्याच्या दुकानामागे दोन खोल्यांचं घर घेतलं. गोठवलेल्या बटाट्यांच्या कारखान्यात लागली. पाळी रात्रीची, म्हणून तिची बहीण गेल रात्री मुलांपाशी झोपायला येईल असं ठरलं. मग गेल्या शरदात मुलं आईकडे परत आली. चाचणीसाठी, मार्लिसच्या नजरेखाली.

मार्लिस न कळवता जायची. या कामात हीच तिची तलवार होती. दार वाजवायची आणि म्हणायची, "सहज चालले होते इकडून, म्हटलं डोकवावं." मग फ्रिज उघडायची, गाद्या दाबून बघायची, टलीशी जमिनीवर बसून गप्पा मारायची. तालुक्यातली मुलं तिला 'फ्रिज उघडणारी बाई' म्हणत, आणि ते नाव तिला मनापासून आवडायचं.

रेनेच्या फ्रिजमध्ये दूध असायचं, अंडी असायची, एकदा तर अर्धी कापलेली कोबीही होती. कोबी कोणी दाखवण्यासाठी आणत नाही, असं मार्लिसला वाटलं होतं. गेलला ती सुरुवातीला एकदा भेटली होती, लाल केसांची, मोठ्याने हसणारी. नंतर फोनवरही बोलणं झालं. आणि दर वेळी गेलच्या जांभळ्या लोकरी सपाता दिसायच्या. कधी सोफ्यापाशी, कधी न्हाणीच्या दारात. एक सरळ, एक जराशी वाकडी, जशा पायातून झटकल्या जातात तशा. सोफ्याच्या उशीला गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास असायचा.

त्या वाकड्या सपातेनेच मार्लिसचं मन वळवलं होतं. ती घरं वाचायची, माणसं नाही. माणसं खोटं बोलतात.

*

"मुलांनी आईकडेच राहावं, अशी—"

वरच्या मजल्यावर कोर्टाच्या दाराबाहेर मुलांसाठी एक कोपरा आहे. चटई, ठोकळे, पानं सुटलेली पुस्तकं. कोपऱ्याला आडोसा खाऊच्या मशिनचा. रेने खाली वकिलाशी बोलत होती. मार्लिस टलीसाठी बिस्किटं काढायला मशिनपाशी थांबली आणि पलीकडून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"ठक ठक. सहज चालले होते इकडून, म्हटलं डोकवावं."

तोच लाडिक सूर, तेच शेवटी किंचित ओढणं. डेसा बोलत होती. मार्लिसला हसू आलं. पोरगी नक्कल भारी करते.

"आणि टलीमहाराज, आज सकाळी कोणी उठवलं तुम्हाला?"

"तू."

"पुन्हा."

"मावशीने."

"कोणती मावशी?"

"गेलमावशी."

"ती कुठे झोपते?"

"सोफ्यावर."

"आणि रात्री भीती वाटली तर?"

"तुझ्या गादीत—"

"टली."

"मावशीच्या कुशीत."

"घोरते का रे बाबा ती?"

टलीने घोरून दाखवलं आणि तो खिदळला.

"हसायचं नाही. तिला हसण्यावरून कळतं." डेसा आता स्वतःच्या आवाजात बोलत होती, शिक्षिकेसारखी. "मावशी दिसते कशी?"

टली चटईचा धागा ओढू लागला.

"दिसते कशी, टली?"

"मला नाही आठवत."

"लाल केस. मोंटानाला गेली त्या दिवशी तू तिच्या मांडीवर बसला होतास. बर्फ पडायच्या आधी. लाल केस म्हण."

"लाल केस."

मशिनमधून बिस्किटांचा पुडा खाली पडला. आवाज मोठा होता. पलीकडचा खेळ थांबला.

*

"मुलांनी आईकडेच—"

मार्लिस आडोशातून बाहेर आली तेव्हा डेसाने टलीच्या हातात ठोकळा दिला होता आणि ती पुस्तक वाचत होती. पुस्तक उलटं धरलेलं नव्हतं. ती चूक ही मुलगी करणार नव्हती.

मार्लिसने बिस्किटाचा पुडा टलीला दिला. अकरा वर्षांत तिने वाईट घरं पाहिली होती. कुलपं लावलेल्या मुलांच्या खोल्या, सिगरेटचे चटके. तेव्हा राग यायचा, आणि रागाला दिशा असायची. आता ती दिशाच नव्हती, जिन्याची पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी तशी.

"गेल तिकडे लांब मोंटानाला आहे?"

डेसाने पुस्तक मिटलं. "फोन तिकडूनही लागतो."

"मग रात्री कोण असतं?"

"मी असते ना."

"डेसा, तू मला सांगितलंस की—"

"मी नाही सांगितलं." डेसा शांतपणे म्हणाली. "मी फक्त म्हणायचे, या मावशीच्या सपाता. त्या मावशीच्याच आहेत. बाकीचं तूच बोलायचीस. 'अगंबाई, आत्ताच गेली वाटतं.' मी मान पण हलवली नाही."

मार्लिसला आठवून पाहावं लागलं. खरंच हलवली नव्हती.

"मी न कळवता यायचे गं. दर वेळी आई घरी, दर वेळी सगळं जागच्या जागी..."

डेसाने तिच्याकडे असं पाहिलं जसं मोठी माणसं लहानांकडे पाहतात. "महिना संपत आला की तुम्ही बायका येता. महिन्यातून एकदा यावंच लागतं, आणि तुम्ही शेवटापर्यंत ढकलता. ओसगुडबाईंच्या घरातल्या मोठ्या मुलीने सांगितलं मला. सगळ्या मुलांना माहितीये. सोमवारी-गुरुवारी तुझं कोर्ट. बुधवारी-शुक्रवारी तू गावाच्या त्या टोकाला. मग उरला मंगळवार. मी आईला म्हणायची, उद्या झोपू नकोस, उद्या मार्लिस."

टली बिस्किटाचा पुडा दाताने फोडत होता. डेसाने न बघता तो घेतला, फोडला, परत दिला. तिची बाही वर सरकली. मनगटावर गुलाबी, चकचकीत चट्टा होता. जानेवारीत तिथे पट्टी होती. 'कोको सांडला,' डेसा म्हणाली होती, आणि मार्लिस हसून म्हणाली होती, 'मी पण सांडते गं.'

"तो कोको नव्हता."

"कोकोच होता. मी करत होते. टलीला खोकला होता." तिने बाही खाली ओढली. "आता स्टोव्ह नाही लावत. दाराला खुर्ची लावते. रात्री काही होत नाही, खरंच. फक्त बॉयलर आवाज करतो."

"अगं, मला सांगायचंस."

"तूच पहिल्या दिवशी म्हणालीस, मी तुझ्या बाजूची आहे, पण तुझं गुपित ठेवू शकत नाही. जजला सांगावं लागतं." डेसाचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "म्हणून नाही सांगितलं. आज केस बंद झाली की तू येणार नव्हतीस. मग सपाता पण हलवाव्या लागल्या नसत्या."

कोर्टाचं दार उघडलं. ऑर्विलने मान बाहेर काढली. "प्रुइट. चला. मार्लिस, डोनट तयार ठेवलाय." मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि दार नुसतंच धरून उभा राहिला.

डेसाने मार्लिसचा हात धरला नाही. ती फक्त म्हणाली, "हे आत्ता ऐकलंस. पाच मिनिटं उशिरा वर आली असतीस तर नसतं ऐकलं."

*

"मुलांनी—"

मार्लिस उभी होती. समोर जजबाई, चष्मा नाकावर, तिचा अहवाल उघडा, चेहऱ्यावर गुरुवारी सहसा न दिसणारं हसू. डावीकडे रेने, इस्त्रीचा शर्ट, केस ओले, रात्रपाळीनंतर न झोपताच आलेली. तिने मार्लिसकडे बघून ओठांनीच 'थँक्यू' म्हटलं.

वाक्य तोंडात तयार होतं. म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते, सर्वांत जास्त ती मुलगी, जिच्यासाठी मार्लिसला नेमलं होतं. आणि आज रात्री त्या मुलीने दाराला खुर्ची लावली असती.

"माझी शिफारस मी मागे घेते," मार्लिस म्हणाली. आवाज आपला नाही असं तिला वाटलं. काही वेळापूर्वी तो खरंच डेसाचा झाला होता.

मग तिने सांगितलं. गेल, मोंटाना, खुर्ची, मनगट, मंगळवार. मंगळवार सांगताना ती म्हणाली, "ही चूक आईची नाही. माझी आहे." जजबाईंचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं, काढायचं विसरल्यासारखं.

रेने उठली. वकिलाने बाही ओढली तरी उठली. "तुम्हीच म्हणालात नोकरी हवी. नोकरी असेल तर मुलं मिळतील. दिवसपाळी जुन्या लोकांना मिळते, मला रात्रीचीच होती. गेल गेली तेव्हा मी कुणाला विचारू? तुम्हाला? विचारलं असतं तर त्याच दिवशी नेली असती पोरं." मग ती मार्लिसकडे वळली, आणि आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं, नुसता धक्का होता. "स्टोव्हवर भाजलं? मला म्हणाली शाळेत कोको सांडला."

अहवालात मार्लिसने 'स्थिर नोकरी' या शब्दांखाली रेघ मारली होती. त्याच रेघेने घर रिकामं केलं होतं, आणि ती रेघ या खोलीतल्या प्रत्येकाने मिळून मारली होती.

"मोठ्या मुलीची इच्छा काय आहे?" जजबाईंनी विचारलं. हे विचारावंच लागतं.

"आईकडे राहायचं आहे तिला. त्यासाठी तिने जे केलं ते मी कुठल्या मोठ्या माणसाला करताना पाहिलं नाही." मार्लिस म्हणाली. "पण ते तिला करावं लागू नये."

"आज रात्री मी कामावर जात नाही," रेने म्हणाली.

"आणि उद्या?" जजबाईंनी विचारलं.

मग त्यांनी सरकारी वकिलाकडे पाहिलं. रात्री मुलं सांभाळणारं कुणी या तालुक्यात आहे का? वकिलाने कागद चाळले, जणू त्यात एखादी बाई निघेल. नाही निघाली. केस उघडी राहिली. रात्रीची सोय होईपर्यंत मुलं ओसगुडबाईंकडे, आईने रोज दुपारी भेटावं, दिवसपाळीसाठी कोर्टाने कारखान्याला पत्र लिहावं. जजबाईंनी हे सगळं हळू आवाजात सांगितलं आणि चष्मा काढून ठेवला.

बाहेर डेसाला सांगायची वेळ आली तेव्हा तिने आधीच टलीला कोट चढवला होता. ती रडली नाही. तिने विचारलं, "जुनंच घर की नवं?"

"जुनंच. ओसगुडबाई."

"मग टूथब्रश आहेत तिथे," डेसा म्हणाली आणि टलीची टोपी कानांवर ओढली.

*

दुपारी कपडे घ्यायला सगळे घरी गेले. महिन्याचा मध्य होता, मंगळवारही नव्हता. फ्रिजमध्ये दूध होतं, अंडी होती. खरीच होती. कोबीही होती, उरलेली अर्धी. मार्लिसने फ्रिज उघडला नव्हता. टलीने उघडून दाखवला, कारण ती आली की उघडायचा असतो हे त्याला ठाऊक होतं.

"आता खेळ आहे की खरं?" त्याने विचारलं.

"खरं," डेसा म्हणाली. "मोजे घाल."

रेने पिशवीत पायजमे भरत होती, पुन्हा काढत होती, पुन्हा घडी घालत होती. डेसा आतून सपाता घेऊन आली. मार्लिसला वाटलं, पोरगी त्या टाकून देणार. किंवा सोबत नेणार.

डेसाने त्या सोफ्यापाशी ठेवल्या. एक सरळ. दुसरी ठेवली, पाहिली, आणि पायाने किंचित वाकडी केली.

"आता कशाला गं त्या?"

"आई आता दिवसा एकटी झोपणार ना," डेसा म्हणाली. "कुणी खिडकीतून डोकावलं तर वाटेल, घरात आणखी कुणीतरी आहे."

सगळे बाहेर पडले. रेने गाडीच्या खिडकीशी वाकून टलीच्या गालावर गाल टेकून उभी होती. मार्लिस दार ओढायला मागे वळली. आत सोफा, उशी, आणि त्या जांभळ्या सपाता. सगळं माहीत असूनही तिचा हात आपसूक सावकाश झाला, आणि दार तिने हळूच लावून घेतलं, आत झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून.