सांतानची शांती

सांतानला शांती मिळाली ती मंगळवारी सकाळी, भाकरी खाताना. त्याआधी दोन दिवस घरी असला की तो भिंतीकडं तोंड करून बसत होता. आज उठला, तीन भाकऱ्या सुक्या बोंबलाशी हाणल्या आणि बायकोला म्हणाला, "कातरीन, आता मना काय वाटत नाय. मन कसा हलका झालाय."

कातरीन चुलीपुढं होती. वर न बघता तिनं विचारलं, "कुनाच्या डोक्यावर टाकून?"

सांताननं ऐकलं नाही. ऐकायचं नसलं की त्याला ऐकू येत नसे. गावच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, रोज संध्याकाळी प्रार्थना तोच सांगायचा, आणि देवाशी आपलं घरचं बोलणं आहे असा त्याचा चेहरा असायचा.

खाजणपाडा म्हणजे माजिवड्याच्या पलीकडं खाडीला लागून चाळीस घरं, निम्मी आगरी, निम्मी ख्रिस्ती. खाडी बांधानं अडवून मिळवलेलं भातशेत सगळ्यांचं एकाला एक लागून. बांधाला एक उघाडी. ओहोटीला तिची फळी काढून शेतातलं जास्तीचं पाणी सोडायचं आणि भरतीच्या आत फळी पुन्हा घालायची. काम एवढंच, पण चुकलं तर खारं पाणी शिरून तीन वर्षं जमिनीत भात होत नाही. म्हणून आठवड्याला एका घराची पाळी, रविवारी दुपारी बदल. उघाडीला लावलेल्या जाळ्यात येईल ती मासळी पाळीवाल्याची.

गेला रविवार आगेऱ्याचा. नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन आशीर्वाद घ्यायचा सण. स्वातंत्र्य आल्यापासूनचा चौथा, आणि लोंब्या कधी नव्हे इतक्या भरलेल्या. सांतानच्या पाळीचा तो शेवटचा दिवस. पाद्री जेवायला येणार, म्हणून पहाटेच्या ओहोटीला त्यानं फळी काढून जाळं लावलं. टोपलीभर कोळंबी घेऊन धावत आला तेव्हा गाड्या जुंपलेल्या होत्या.

"फळी राह्यली गो," तो म्हणाला.

"भरतीला दुपार हाय. आल्यावर घाल," कातरीन म्हणाली होती.

देवळात उशीर झाला. दुपारी पाळी घ्यायला गुणाजी उघाडीवर गेला तर खाडी शेतात शिरलेली, उघाडीलगतचा बांध ढासळलेला. छातीभर पाण्यात उतरून त्यानं एकट्यानं फळी बसवली. लोक धावत आले तेव्हा त्यांना दिसला तो गुणाजी, ओलाचिंब, फळीला हात लावलेला. मासळीसाठी फळी त्यानंच काढली असं सगळ्यांनी धरलं. अकरा घरांचं भात खाऱ्या पाण्यात उभं होतं.

आणि सांतान सगळ्यांसमोर म्हणाला, "मी तं फळी घट्ट बसवून गेलेलू."

विश्राम पाटलानं निवाडा केला. ढासळलेल्या बांधाची माती गुणाजीनं एकट्यानं भरायची, आणि उघाडीच्या मासळीतला त्याच्या घराचा वाटा कायमचा बंद. कातरीन तिथंच उभी होती. नंतर घरी पाद्री कोळंबीचं कालवण वाखाणत होता. ती वाढत राहिली आणि तोंडातून शब्द काढला नाही. स्वतःचा इतका तिटकारा तिला जन्मात आला नव्हता.

"सोमवारी ठान्याला जाऊन पापांचा कुमसार केला मी," सांतान हात धूत म्हणाला. "समदा सांगितला पाद्रीला. देवानं माफ केला."

"पाद्रीनं प्रायश्चित्त काय दिला?"

"दहा नमो मारी म्हनायच्या."

"आनी?"

सांतान टॉवेल शोधू लागला. "आनी गावात खरा सांगायला सांगितलाय. सांगन की. नाताळ होऊ दे."

"म्हंजे दहा म्हनलास आनी शांत झालास."

"दहा नाय, वीस म्हनलू."

असा नवरा देवानं आपल्यालाच का दिला, हे कातरीननं त्या दिवशी देवाला विचारलं नाही. उत्तर तिला माहीत होतं. फळी तो विसरला, पण 'आल्यावर घाल' म्हणणारी तीच होती. रोजरीची माळ घेऊन नमो मारी म्हणायला बसली की 'पापी' या शब्दाशी जीभ अडायची. पाण्याला गेली की रंगूबाई, गुणाजीची बायको, विहिरीवरून हंडा रिकामाच घेऊन बाजूला व्हायची, कारण बाकीच्या बायका तिच्यासोबत दोर ओढत नव्हत्या.

बुधवारी संध्याकाळी खुरसापाशी सगळे जमले. सांताननं मेणबत्त्या लावल्या, डोळे मिटले आणि गळा काढून म्हणाला, "देवा, संकटात तू माज्या मनाला शांती दिलीस, तशी या गावाला दे."

कातरीन उठली. प्रार्थना अर्धी टाकून ती सरळ पाटलाच्या अंगणात गेली. लोकांना वाटलं बाई आजारी पडली, म्हणून चार जणी मागं आल्या, त्यांच्यामागं बाकीचे.

"पाटील, फळी आमी काढलेली," ती म्हणाली. "माजा नवरा घालाया ईसरला. मना त्यानं सांगितलेला, मीच म्हनली, आल्यावर घाल. गुणाजीनं बुडता बुडता घातली ती. आमी ती कोळंबी खाल्ली आनी गप बसलू."

पाटलानं सांतानकडं बघितलं. "खरा हाय?"

सांतान म्हणाला, "देवानं मना माफ केलाय, पाटील."

"मग देवालाच माती भराया बोलाव," कुणीतरी मागून म्हणालं.

वाटा सांतानचा गेला, माती सांतानच्या घरावर आली. ज्या बायका गुणाजीच्या घराकडं बघून थुंकत होत्या त्या आता कातरीनकडं बघून थुंकू लागल्या. इकडून तिकडं वळायला त्यांना एक दिवससुद्धा लागला नाही.

गुरुवारी कातरीन चिखलाच्या टोपल्या वाहू लागली. मान मोडून आली, तळवे सोलले. एकेका टोपलीला ती एकेक नमो मारी म्हणत होती, आणि 'पापी' हा शब्द आला तसा सरळ निघून गेला. तिला फार बरं वाटलं. रडावंसं वाटलं, पण चिखलाच्या हातांनी डोळे कसे पुसणार, म्हणून ती रडली नाही.

सांतान बांधावर छत्री घेऊन उभा होता. पलीकडं रंगूबाई गवत कापायचं सोडून दोघांकडं बघत होती.

"देव आपली कसोटी बघतोय, कातरीन," तो उसासा टाकून म्हणाला. "माजी शांती पार गेली."

कातरीननं त्याच्या हातातली छत्री काढून घेतली आणि चिखलानं भरलेली टोपली दिली.

"देव नाय बघत," ती म्हणाली. "रंगूबाय बघते. चाल."